वहिवाट हर्गेसाची, सातबारा मोगादिशूचा

प्रति,
माननीय श्री. महमूद अली युसूफ,
अध्यक्ष, आफ्रिकी संघ आयोग,
अदिस अबाबा



महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जमिनीचे एक जुने दुखणे असते. शेत कसतो एक, बांध घालतो तोच, विहीर खणतो तोच. सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचे. तलाठ्याकडे गेले की तो विचारतो, "कागद आहे का?" कागद नसतो. वहिवाट असते, शेजारपाजाऱ्यांची साक्ष असते, पण पीककर्ज मिळत नाही. बँक साक्ष वाचत नाही, उतारा वाचते. हे आपल्याला सांगायचे कारण, आपल्या कार्यालयातही असाच एक अर्ज २००५ पासून पडून आहे. अर्जदाराचे नाव सोमालीलँड.

२६ डिसेंबर २०२५ रोजी इस्रायलने सोमालीलँडला मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी हे पाऊल उचलणारा तो पहिला देश. सोमालिया, इजिप्त, तुर्कस्तान आणि जिबूती यांनी लगेच निषेध केला आणि आपल्या नावानेही निवेदन निघाले. सोमालीलँड हा सोमालियाचा अविभाज्य भाग आहे, आणि स्वातंत्र्याच्या वेळी वारशाने मिळालेल्या सीमांना हात लावायचा नाही हे १९६४ मध्येच ठरले आहे, असा त्याचा आशय. निवेदन मुद्देसूद होते. पंचाईत एवढीच, की ज्या ठरावाचा आधार त्यात घेतला, त्याच ठरावावर हर्गेसाचा, म्हणजे सोमालीलँडच्या राजधानीचा, वकीलही बोट ठेवतो.

जुलै १९६४ मध्ये कैरोत आफ्रिकी एकता संघटनेची, म्हणजे आपल्या संघाच्या पूर्वज संस्थेची, बैठक भरली. युरोपीय साम्राज्यांनी नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या सीमा अन्यायाच्या आहेत, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते. पण त्या उकरायला घेतल्या तर खंडभर रक्त सांडेल, हेही माहीत होते. म्हणून ठरले, की राष्ट्रीय स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी ज्या सीमा होत्या, त्याच पाळायच्या. शहाणपणाचा निर्णय होता. त्याला विरोध करणारे देश दोनच, मोरोक्को आणि सोमालिया. मोगादिशूला त्या सीमा नको होत्या, कारण इथिओपियाचा ओगादेन, केनियाचा ईशान्य भाग आणि तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात असलेले जिबूती हे सगळे एका 'महासोमालिया'त हवे होते. सोमालियाच्या निळ्या ध्वजावरच्या पांढऱ्या ताऱ्याला पाच टोके आहेत ती यासाठीच. त्यातले एक टोक, अध्यक्षमहोदय, आपला देश जिबूती आहे.

म्हणजे जो ठराव सोमालियाने नाकारला, तोच आज सोमालियाची ढाल झाला आहे. राजकारणात असे चालते, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे.

'स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी' हे शब्द सोमालीलँडला लावून पाहू. ब्रिटिश सोमालीलँड २६ जून १९६० रोजी स्वतंत्र झाले. त्याच्या सीमा १८८८ मध्ये फ्रान्सशी, १८९४ मध्ये इटलीशी आणि १८९७ मध्ये इथिओपियाशी झालेल्या करारांनी ठरलेल्या होत्या. त्याला पंतप्रधान होता, मोहम्मद हाजी इब्राहिम एगाल. त्याला विधिमंडळ होते. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी अभिनंदनाचा संदेश धाडला होता. पाच दिवसांनी, १ जुलैला, दक्षिणेकडचा इटलीच्या विश्वस्तपणाखालचा प्रदेश स्वतंत्र झाला आणि दोघे एक झाले. आज हर्गेसा ज्या रेषा आपल्या म्हणून दाखवते, त्या २६ जूनच्याच. नवी रेषा कोणी आखलेली नाही.

पाच दिवसांचे राज्य! संयुक्त राष्ट्रांचा सदस्यत्वाचा अर्ज भरायलाही ते पुरले नाहीत. सोमाली प्रजासत्ताक सप्टेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांत दाखल झाले, ते एकच खुर्ची घेऊन. सिरियाचे तसे नव्हते. १९५८ मध्ये तो इजिप्तशी एक झाला, १९६१ मध्ये फुटला आणि आपल्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसला. फारशी खळखळ झाली नाही. सेनेगल आणि गांबिया यांनी १९८२ मध्ये महासंघ केला आणि १९८९ मध्ये मोडला, त्यांच्या तर खुर्च्या हललेल्याच नव्हत्या. सोमालीलँडचे दुर्दैव असे, की लग्न लागण्याआधी माहेरच्या रेशनकार्डावर नाव चढवायला सवड मिळाली नाही.

आणि ते लग्न तरी नीट लागले होते का? उत्तरेच्या विधिमंडळाने विलीनीकरणाचा एक मसुदा मंजूर केला, दक्षिणेने तत्त्वतः दुसराच. दोन्हीकडच्यांनी मान्य केलेला एकच कागद तयार झालाच नाही. जानेवारी १९६१ मध्ये एकत्र संसदेने मागील तारखेपासून लागू होणारा कायदा करून ती फट बुजवली. त्या संसदेत १२३ जागा होत्या, त्यांत उत्तरेच्या ३३. राष्ट्राध्यक्ष दक्षिणेचे, पंतप्रधान दक्षिणेचे, राजधानी दक्षिणेत. जून १९६१ मध्ये राज्यघटनेवर सार्वमत झाले, तेव्हा उत्तरेतल्या मोठ्या पक्षाने बहिष्कार टाकला आणि जे मतदानाला गेले त्यांतल्या बहुसंख्यांनी 'नको' म्हटले. त्याच वर्षी डिसेंबरात उत्तरेतल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंड केले. ते फसले, अधिकारी पकडले गेले, मोगादिशूत खटला चालला. ब्रिटिश न्यायाधीशाने त्यांना १९६३ मध्ये सोडून दिले, कारण विलीनीकरणाचा वैध कायदा झालेला नसताना उत्तरेतल्या अधिकाऱ्यांवर या राज्याशी द्रोह केल्याचा आरोप टिकत नाही. मोगादिशूच्याच न्यायालयाचा हा निकाल हर्गेसातले वकील आजही तोंडपाठ म्हणून दाखवतात.

तरीही १९६० चे ऐक्य जबरदस्तीने झाले असे कोणी म्हणू नये. लोक आनंदाने नाचले होते, विलीनीकरणाची घाई उत्तरेलाच अधिक होती. पण आनंदाने केलेली भागीदारी मोडताही येते, आणि ही भागीदारी मोडली ती कागदातल्या चुकीने नाही.

ती मोडली विमानांनी. १९६९ मध्ये सियाद बारे यांनी सत्ता बळकावली. उत्तरेतल्या इसाक जमातीवर संशय वाढत गेला, १९८१ मध्ये लंडनमध्ये सोमाली राष्ट्रीय चळवळ स्थापन झाली, आणि मे १९८८ मध्ये तिचे बंडखोर बुराओ व हर्गेसा या शहरांत शिरले. त्यावर सरकारने जे केले त्याला इतिहासात फार जोड सापडत नाही. हर्गेसाच्या विमानतळावरून विमाने उडत, हर्गेसावरच बॉम्ब टाकत आणि पुन्हा त्याच धावपट्टीवर उतरत. काही वैमानिक तर आफ्रिकेच्या दक्षिण भागातून आणलेले भाडोत्री होते. शहर जवळजवळ जमीनदोस्त झाले. मृतांचे अंदाज ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत जातात. लाखो माणसे पायी इथिओपियाच्या सीमेपलीकडच्या छावण्यांत गेली. १९९७ मध्ये मुसळधार पावसाने हर्गेसाजवळची माती वाहून गेली, तेव्हा मलको दुरदुरो येथे सामूहिक दफनाचे खड्डे उघडे पडले. त्या विमानांपैकी एक मिग आज हर्गेसाच्या मध्यभागी चौथऱ्यावर ठेवलेले आहे. जगात बहुतेक शहरे आपल्या सैन्याने जिंकलेले शस्त्र चौकात मांडतात. हर्गेसाने आपल्यावर बॉम्ब टाकणारे, आपल्याच म्हणवल्या जाणाऱ्या सरकारचे विमान मांडले आहे.

१८ मे १९९१ रोजी बुराओच्या परिषदेत १९६० चे ऐक्य रद्द झाल्याची घोषणा झाली.

त्यानंतर जे घडले, त्याबद्दल अदिस अबाबात कमी आणि विद्यापीठांत जास्त बोलले जाते. मोगादिशूत परदेशी फौजा आल्या, कोट्यवधी डॉलर आले, परिषदांवर परिषदा झाल्या आणि शांतता काही आली नाही. उत्तरेत फारसे कोणी आले नाही. १९९३ मध्ये बोरामा या गावात जमातींचे दीडशे वडीलधारे जमले आणि चार महिने बोलत बसले. जेवणखाण गावकऱ्यांनी पाहिले, पैसे परदेशात राहणाऱ्या सोमालींनी पाठवले. त्यातून सनद निघाली आणि वडीलधाऱ्यांचे वरिष्ठ सभागृह, 'गुर्ती', घटनेत बसले. राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडले गेले तेच एगाल, ज्यांनी १९६० मध्ये पाच दिवसांचे राज्य विसर्जित केले होते. मधल्या काळात ते एकत्र सोमालियाचे पंतप्रधान होऊन गेले होते आणि सियाद बारेंच्या तुरुंगात वर्षानुवर्षे राहून आले होते. ऐक्याचा अनुभव त्यांच्याइतका क्वचितच कोणी घेतला असेल.

सगळे गोडीगुलाबीने झाले असेही नाही. १९९४ ते १९९६ या काळात हर्गेसा आणि बुराओत पुन्हा बंदुका वाजल्या. पण १९९४ मध्ये स्वतःचे शिलिंग आले, मे २००१ मध्ये घटनेवर सार्वमत झाले, ९७ टक्के लोक 'हो' म्हणाले. एप्रिल २००३ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दाहिर रयाले काहिन यांनी अवघ्या ८० मतांनी जिंकली. जवळपास पाच लाख मतांतून ८०! हरलेले अहमद सिलान्यो न्यायालयात गेले, तिथेही हरले आणि घरी गेले. २०१० मध्ये तेच सिलान्यो निवडून आले आणि रयाले खुर्ची सोडून गेले. २०१७ च्या निवडणुकीत मतदारांची ओळख डोळ्यांच्या बुबुळांवरून पटवली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सत्तेवरचे मुसे बिही अब्दी पडले, विरोधी पक्षाचे अब्दिरहमान मोहम्मद अब्दुल्लाही, लोक ज्यांना 'इर्रो' म्हणतात, सुमारे ६४ टक्के मते घेऊन आले आणि महिन्याभरात सत्तांतर झाले. आपल्या संघातल्या किती सदस्य देशांत सत्तेवरचा माणूस मतपेटीतून पडतो आणि मुकाट्याने जातो, हे आपण जास्त चांगले जाणता.

आता वहिवाटीकडून उताऱ्याकडे.

सोमालीलँडला जागतिक बँक कर्ज देत नाही, कारण तो तिचा सदस्य नाही. त्याचा पासपोर्ट थोड्याच देशांत चालतो. त्याच्या फोनचा आंतरराष्ट्रीय क्रमांक सोमालियाचाच, २५२. हर्गेसाच्या रस्त्यावर सराफ शिलिंगच्या नोटांच्या विटा रचून बसतात आणि एका डॉलरला हजारोंनी शिलिंग मोजून देतात. मध्यवर्ती बँकेच्या मागे जगाचे पाठबळ नसले की चलनाचे हे असे होते. २००९ मध्ये टेलेसोम कंपनीने 'झाद' ही मोबाइलवरून पैसे देण्याची सोय सुरू केली आणि चहावालाही फोनवर पैसे घेऊ लागला. भारतात यूपीआय येण्याच्या सात वर्षे आधी. हौसेपेक्षा ती गरज जास्त होती. एदना अदन इस्माईल या प्रशिक्षित सुईणीने आपली सारी पुंजी घालून २००२ मध्ये हर्गेसात प्रसूतिगृह उभे केले. पुढे त्या तीन वर्षे या देशाच्या परराष्ट्रमंत्री होत्या. ज्या देशाला तेव्हा राष्ट्र म्हणून कोणी ओळखतच नव्हते, त्याचे परराष्ट्रमंत्रिपद सांभाळणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला असेल. दोन दशके त्याच खात्याचे मंत्री आपणही होतात, फक्त जिबूतीचे.

१९३३ च्या मोंटेव्हिडिओ करारात राज्य कशाला म्हणावे याच्या चार कसोट्या आहेत: कायमची लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. पुस्तकात एवढे पुरते. व्यवहारात घोडे पेंड खाते ते चौथ्या कसोटीपाशी, कारण इतरांनी संबंध ठेवायला नकार दिला तर क्षमता दाखवायची कुठे? मराठीत 'पाचामुखी परमेश्वर' म्हणतात. मान्यतेच्या बाजारात प्रश्न एवढाच, की ती पाच मुखे कोणाची.

उदाहरणे आपल्या घरातलीच घेऊ. सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताक आपल्या संघाचे पूर्ण सदस्य आहे. त्याच्या भूमीचा मोठा भाग मोरोक्कोच्या ताब्यात आणि त्याचे सरकार बहुतांशी अल्जीरियातल्या तिंदूफच्या छावण्यांत. म्हणजे सातबारा आहे, शेत नाही. भारताने त्याला १९८५ मध्ये मान्यता दिली आणि २००० मध्ये ती परत घेतली. मधल्या काळात वाळवंटातली वाळू तिथेच होती, बदलली ती दिल्लीची गरज. सोमालियाचे २००४ मध्ये स्थापन झालेले संक्रमणकालीन सरकार केनियात जन्मले, त्याला दोन वर्षांहून अधिक काळ स्वतःच्या राजधानीत बस्तान बसवता आले नाही, आणि तरीही सोमालियाचा प्रतिनिधी म्हणून जगाने त्यालाच धरले. ज्युलियस न्येरेरे यांच्या टांझानियाने एप्रिल १९६८ मध्ये नायजेरियातून फुटलेल्या बियाफ्राला मान्यता दिली होती. आफ्रिकी एकतेच्या त्या थोर पुरस्कर्त्यालाही कधीतरी वाटले, की माणसे मरत असताना सीमारेषेची पूजा करत बसणे बरे नाही.

भारतीय वाचकांना हा खेळ परका नाही. बांगलादेशाला भारताने ६ डिसेंबर १९७१ रोजी, युद्ध चालू असतानाच, मान्यता दिली. कोसोव्होला आजवर दिलेली नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, पण त्यावरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने करार करून मान्य करायला ३१ डिसेंबर १९७४ उजाडला. मधल्या तेरा वर्षांत पणजीत कोणाचे अडले नाही. मागे भारताएवढा देश उभा असला की लिस्बनचा दाखला उशिरा आला तरी चालतो. हर्गेसाच्या मागे तसे कोणीच उभे नाही.

मुंबईशी तर हर्गेसाचा एक विसरलेला धागा आहे. ब्रिटिशांना या किनाऱ्यात रस होता तो मुख्यतः एडनच्या छावणीला मटण पुरवण्यापुरता. एडन तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे, आणि १८९८ पर्यंत या किनाऱ्यावरच्या बर्बेरा बंदराचा कारभारही त्याच वाटेने, एडनच्या रेसिडेंटकडून, मुंबई सरकारच्या हाताखाली चाले. भारतीय दंड संहिता तिथे लागू होती आणि बाजारात रुपया चालत होता. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' या जहाजावरचे ३५ सोमाली चाचे पकडून मुंबई पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा वृत्तवाहिन्यांवर सगळा सोमाली किनारा एकाच रंगात रंगवला गेला. चाचेगिरीची ठाणी पूर्वेला पुंटलँड आणि त्याखालच्या किनाऱ्यावर होती. सोमालीलँडने आपला ८०० किलोमीटरचा किनारा बराचसा स्वच्छ ठेवला, हे सांगायला कोणाला वेळ नव्हता.

आता त्या पडून राहिलेल्या अर्जाविषयी. २००५ मध्ये आपल्या आयोगाचे तेव्हाचे उपाध्यक्ष पॅट्रिक माझिंहाका यांच्या नेतृत्वाखाली एक सत्यशोधन पथक सोमालीलँडला गेले. त्याने लिहून दिले, की सोमालीलँडची मान्यतेची मागणी आफ्रिकेच्या राजकीय इतिहासात एकमेवाद्वितीय आहे, १९६० चे ऐक्य कधी नीट संमत झालेच नव्हते, आणि 'एकाला दिले की दहा दारात उभे राहतील' या भीतीशी हे प्रकरण जोडू नये. संघाने त्यासाठी वेगळा मार्ग काढावा. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष रयाले यांनी सदस्यत्वाचा रीतसर अर्ज केला. अहवाल आपलाच, पथक आपलेच, शिफारस आपलीच. वीस वर्षांत अर्ज ना स्वीकारला गेला, ना फेटाळला गेला. आमच्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत याला फाईल दाबणे म्हणतात.

फाईल दाबली की प्रश्न मिटत नाही, तो दलालांच्या हाती जातो. २०१६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने बर्बेरा बंदरासाठी ४४ कोटी २० लाख डॉलरचा, ३० वर्षांचा करार केला. २०२० मध्ये तैवान आणि सोमालीलँड यांनी एकमेकांकडे कार्यालये उघडली. दोघेही एकाच आजाराचे रुग्ण. १ जानेवारी २०२४ रोजी इथिओपियाने २० किलोमीटर किनारा ५० वर्षांसाठी घ्यायचा आणि बदल्यात मान्यता द्यायची, असा सामंजस्य करार झाल्याचे हर्गेसाने जाहीर केले. मोगादिशू खवळले, तुर्कस्तान मध्ये पडले, डिसेंबरात अंकारात जाहीरनामा निघाला आणि मान्यता बारगळली. आणि मग इस्रायल. बाब-अल-मंदेबच्या तोंडाशी, येमेनच्या समोर, हूती बंडखोरांच्या पल्ल्यात आणि त्यांच्यावर नजर ठेवता येईल असा किनारा इस्रायलला हवा होता. हूतींच्या नेत्याने दोनच दिवसांत धमकी दिली, की सोमालीलँडमधली कोणतीही इस्रायली उपस्थिती हे आमचे लक्ष्य असेल.

या मान्यतेचा आनंद हर्गेसाच्या रस्त्यांवर खराच होता, साडेतीन दशकांच्या वाट पाहण्याचा. पण गाझा उद्ध्वस्त होत असताना, पॅलेस्टाइनला दीडशेहून अधिक देश मान्यता देत असताना, त्या मान्यतेच्या ठाम विरोधात असलेल्या सरकारकडून पहिला दाखला घ्यावा लागणे, हे एका मुस्लिम देशाला किती महाग पडेल याचा हिशेब अजून व्हायचा आहे. हा सौदा हर्गेसाने केला, दोषही तिचाच. मात्र ज्याला सरळ दारातून वीस वर्षे आत घेतले नाही, तो खिडकीतून कोणाचा हात धरून आला याबद्दल दार बंद ठेवणाऱ्याने फार रागावू नये.

आपल्याविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. इथिओपियाच्या आयात-निर्यातीचा फार मोठा भाग, नव्वद टक्क्यांच्या आसपास, जिबूतीच्या बंदरांतून जातो. बर्बेरा वाढले तर त्यातला वाटा तिकडे वळेल. डीपी वर्ल्डला जिबूतीने फेब्रुवारी २०१८ मध्ये डोरालेह टर्मिनलमधून बाहेर काढले, आणि तीच कंपनी बर्बेरात पाय रोवून आहे. त्या काळात जिबूतीचे परराष्ट्र धोरण आपल्या हाती होते. आपल्या निवेदनामागे हा हिशेब होता असा आरोप इथे नाही. पण शेजारच्या दुकानदाराला पंच नेमले, तर त्याने निदान दोन्ही बाजूंची साक्ष घेतल्याचे दिसले पाहिजे.

आणि जिबूतीनेच १९७७ मध्ये काय केले? २७ जूनला फ्रान्सपासून स्वतंत्र होताना त्याने सोमालियात सामील व्हायला नकार दिला. ताऱ्याचे ते टोक रिकामेच राहिले. त्याबद्दल जिबूतीला कोणी फुटीर म्हणत नाही, म्हणूही नये. हर्गेसाने सतरा वर्षे आधी उलटा निर्णय घेतला, एवढाच दोघांतला फरक.

मोगादिशूची बाजूही कमी वजनाची नाही. एरिट्रियाला १९९३ मध्ये आणि दक्षिण सुदानला २०११ मध्ये जगाने स्वीकारले, ते मूळ देशाने संमती दिल्यावर. इथे ती संमती नाही. १९६४ मध्ये ठराव झाला तेव्हा सोमाली प्रजासत्ताक चार वर्षांचे होते, म्हणून पाळायच्या त्या एकत्र देशाच्या सीमा, असाही अर्थ लावता येतो. आणि सर्वांत टोचणारा मुद्दा पूर्वेकडे, लास अनोदमध्ये आहे. तिथल्या धुलबहांते जमातीला हर्गेसाचे राज्य आपले वाटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये निदर्शने झाली, हर्गेसाच्या सुरक्षा दलांनी गोळीबार केला, फेब्रुवारी २०२३ पासून लढाई पेटली. शहरावर तोफा डागल्या गेल्या, त्यातून रुग्णालयही सुटले नाही. दीड लाखाहून अधिक माणसे घरदार सोडून गेली. ऑगस्टमध्ये हर्गेसाच्या फौजांना माघार घ्यावी लागली, आणि हा प्रदेश आता मोगादिशूशी जोडलेला स्वतंत्र प्रांत म्हणवतो. ज्यांच्या शहरावर स्वतःच्याच सरकारने बॉम्ब टाकले होते, त्यांनी पस्तीस वर्षांनी दुसऱ्या शहरावर तोफा डागाव्यात, याचे समर्थन हर्गेसाच्या मित्रांनाही करता येणार नाही. शिवाय २६ जून १९६० ची पूर्व सीमा आपली म्हणायची, तर तिच्या आत राहणाऱ्यांची संमतीही आपली असावी लागते. गुर्तीची निवडणूक आजवर कधी झालेली नाही आणि २०२२ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दोन वर्षे लांबवली गेली होती, हेही त्याच खात्यात लिहायला हवे.

पण हे सारे मुद्दे सुनावणीत मांडायचे आहेत. सुनावणी न घेण्याचे ते कारण होऊ शकत नाहीत.

म्हणून या पत्रातली मागणी मान्यतेची नाही. ती द्यायची की नाही, हे आफ्रिकेने ठरवायचे. मागणी तीन साध्या गोष्टींची आहे. २००५ चा अहवाल दप्तरातून काढून सदस्यांसमोर ठेवा. १९६४ च्या ठरावातल्या 'स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी' या शब्दांचा अर्थ २६ जूनपासून लावायचा की १ जुलैपासून, यावर आफ्रिकेतल्याच कायदेपंडितांचे लेखी मत मागवा, आणि ते हर्गेसाच्या विरोधात गेले तर तसे छापून जाहीर करा. आणि एका टेबलावर हर्गेसा, मोगादिशू आणि लास अनोद या तिघांनाही बोलवा; बोरामात जमले तसे, घाई न करता. टेबल जिबूतीत मात्र नको.

पुढच्या शिखर परिषदेच्या विषयपत्रिकेत त्यासाठी एक ओळ पुरेल. ती ओळ आपण घालावी, ही विनंती.

कळावे.